मंडपाची चौथी बाजू

कन्नड,
२७ ऑगस्ट २०२५

प्रिय संघू,

सप्रेम जय भीम.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आईचे गुडघे नेहमीसारखेच कुरकुरतात. शेळी व्याली, दोन पिलं झाली. शहरातलं ऑफिस बंद ठेवून मी अजून इथंच आहे. ताईला एकदम पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुला चाकणला बसून वाटेल. पण हे फोनवर बोलता येत नाही. आपलं घर केवढंसं आणि आईचे कान केवढे, तुला ठाऊकच आहे.

आधी मंडपाचं सांगते. रविवारी वस्तीतला वाचनमंडप खुला झाला. फोटो तू पाहिलेस, पण फोटोला नव्या लाकडाचा वास येत नाही. सागाचे खांब, वर कौलं, खाली फळ्यांची जमीन, आणि चारी बाजू उघड्या. बाजारातून येणाऱ्या बाईनं पिशवी ठेवून टेकावं, थोडं ऐकावं, वाटेल तेव्हा उठून जावं, हा माझा हट्ट. मधोमध वाचणाऱ्याची बैठक, आणि तिच्यावर कौलांत काच, म्हणजे उजेड बरोबर पानावर पडावा. खरं सांगू? तो सगळा मंडप मी आईच्या डोळ्यांसाठी काढला होता. बापू गेल्यावर लोक म्हणाले, कचरूभाऊंच्या मागं केसरबाईंनीच धम्माचा ग्रंथ वाचावा. तेव्हापासून पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ती वाचते, विहारातल्या त्या मरतुकड्या बल्बखाली. म्हटलं, आता तरी तिला नीट उजेड मिळू दे.

नकाशा दाखवला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "माझ्या मागं भिंत ठेव." मी म्हटलं, "अगं, भिंत घातली की मंडप कसला, खोली होईल ती." पाया भरताना पुन्हा तेच. खांब उभे राहिले तेव्हा पुन्हा. "पाठीला वारं लागतंय मला." राजेंद्र मिस्त्री हसायला लागले. मला आला राग. सगळ्यांसमोर म्हटलं, "केसरबाई, आर्किटेक्ट मी का तुम्ही?"

रविवारी मी भाषण ठोकलं. माझ्या आईनं मला वाचायला शिकवलं, म्हणून हा मंडप. टाळ्या झाल्या. मग आईच्या हातात मोठ्या अक्षरांची नवीकोरी प्रत दिली. तिची जुनी, लाल धाग्याची खूण असलेली, मीच घरी ठेवून आले होते. वंदना झाली. आईनं पांढऱ्या साडीचा पदर सारखा केला, ग्रंथ उघडला आणि वाचायला लागली.

उजेड कसा पडतो त्याचा फोटो घ्यावा म्हणून मी मोबाईल घेऊन तिच्या मागं गेले. मागं जायला जागा होती ना! मीच ठेवली होती.

संघू, समोर अनुक्रमणिका उघडी होती.

अध्यायांची नावं, पुढं आकडे. त्यांच्यावरून आई बोट फिरवत होती आणि तोंडानं अख्खा अध्याय वाचत होती. थांबायचं तिथं थांबत होती, आवाज चढवायचा तिथं चढवत होती. रत्नमालाकाकू पुढं बसून डोळे पुसत होत्या. आईनं पान उलटलं. पुढंही अनुक्रमणिकाच. त्याच्यावरूनही बोट तसंच, शांतपणे. माझ्या हातातला मोबाईल खाली पडला. खटकन आवाज झाला, आईनं मान वळवली, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा वाचायला लागली.



घरी येताना तिनं विचारलं, "आला का फोटो?"

मी म्हटलं, "नाही आला. उजेड कमी पडला."

"मग भिंत घाल."

"घालते."

बस्स, एवढंच.

तेव्हापासून मला एकेक आठवतंय. एसटीची पाटी, लग्नाची पत्रिका, रेशनच्या दुकानातला फळा. "वाच गं विशू, मोठ्यानं वाच, मला ऐकू दे." मला वाटायचं परीक्षा घेतेय. अरे, कसली परीक्षा! गाडी कुठं चाललीय हे तिला माझ्याकडून कळत होतं. सहीपुरती अक्षरं बापूंनीच गिरवून घेतली असणार.

आणि मग सोमवारी दुपारी चारला तुझा फोन आला. रोजच येतो. लाडक्याचा फोन आला म्हणून मी रोजच चिडवते. आई नेहमीसारखी घरामागं गेली. मी शेळीला पाला टाकायला गेले, तर स्पीकरवर तुझा आवाज. "हां आई, आता पुढचं ऐक." तू वाचतोस, ती तुझ्यामागून म्हणते. चुकली की तू पुन्हा वाचतोस. चहाच्या सुट्टीत! मी पाला तसाच हातात धरून उभी.

गधड्या, किती वर्षं चाललंय हे? मला रडू आलं आणि तुझा रागही आला, दोन्ही सांगते. तिनं शपथ घातली असेल, कळतं मला. पण तुलाच का, मला का नाही? मग माझंच भाषण आठवतं. कॉलेजात गेल्यापासून मी जिथंतिथं तेच सांगत फिरतेय. एवढा डांगोरा पिटणाऱ्या पोरीला ती कोणत्या तोंडानं सांगणार होती? तू दहावीला दोनदा आपटलास. तुझ्यासमोर तिला कसली लाज.

काल राजेंद्र मिस्त्रींनी बैठकीमागं फळ्या ठोकल्या, बसलेल्या माणसाच्या डोक्यावर वीतभर जातील अशा. "ताई, तुम्हीच तर चारी बाजू उघड्या म्हणत होता," म्हणाले. म्हटलं, "आईच्या पाठीला वारं लागतंय." आईनं फळ्यांवरून हात फिरवला, टेकून बसली आणि म्हणाली, "आता लई बरं वाटतंय." संध्याकाळी तिनं लाल धाग्याचा जुना ग्रंथ उघडला. मी समोर बसले, सगळ्यांसारखी.

आता माझं एक ऐक. उद्या मी शहरात परत जातेय, पुढच्या शनिवारी पुन्हा येणार आहे. त्या दिवशी चारला फोन करू नकोस. रेंज नाही म्हण, मशीन बिघडलं म्हण, हवी ती थाप मार. आई वाट बघेल, अंगणात येरझाऱ्या घालेल. मी ओट्यावरच बसलेली असेन, ग्रंथ शेजारी ठेवून. साडेचारपर्यंत ती काही बोलली नाही तर तू फोन कर. मी उठून बाहेर जाईन, हा विषय कधीच काढणार नाही. पण म्हणेलही रे ती, पूर्वीसारखं. "वाच गं विशू, मला ऐकू दे."

अर्धा तास दे मला, एवढंच मागते.

जिला आईनंच वाचायला शिकवलं, ती
तुझी ताई,
विशाखा