टाकीखालची डबी

१ फेब्रुवारी
डब्या शोधणाऱ्यांच्या ग्रुपवर मीट, म्हणजे भेट, जाहीर केली. १९ ला सकाळी अकरा, बागेमागची पाण्याची टाकी. शिवजयंतीची सुट्टी, म्हणून सगळ्यांना जमतंय. यजमान मी, पहिल्यांदाच. पाच नावं आली. सगळ्यात आधी कबनूरच्या नजीरभाईंचं. यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, साठीकडं आलेले. जिल्ह्यात सगळ्यात अवघड डब्या त्यांच्या. एकदाच भेटलोय, माहेरी राधानगरीला गेलते तेव्हा. धरणाच्या रस्त्याला दोघं एकच डबी शोधत होतो.

घरात सांगितलेलं नाही. काय सांगणार? नकाशावर खूण बघायची, कुणीतरी लपवलेली डबी शोधायची, आतल्या कागदावर नाव घालायचं, होती तिथंच ठेवायची. "आणि मिळतं काय?" सासूबाई हेच विचारतील. काही नाही मिळत. दळणाला, भाजीला जाते तेवढ्यात होतं. त्या अर्ध्या तासात मी कुठाय हे कुणाला ठाऊक नसतं. तेच मिळतं.

११ फेब्रु.
भाऊजींनी जेवताना सांगितलं. शिवजयंतीला संध्याकाळचा रस्ता मोठ्या मंडळांना गेला, आपल्या तालमीची मिरवणूक सकाळी दहाला. तेच अध्यक्ष. बायकांची रांग पुढं, नऊवारी, फेटे. "वहिनी, झेंडा तुमच्याकडं. अध्यक्षाच्या घरातली बाई पुढं पाहिजे की." विचारलं नाही. सांगितलं.
रस्ता बागेवरनं. टाकीला लागून.
सा.बाई म्हणाल्या, "मान मिळालाय, तोंड पाडू नगंस."
व्हय म्हणाले.

१५ फेब्रु.
मीट रद्द करायला दोनदा फोन उघडला. सांगलीच्या दोघींनी गाडी ठरवलीय. नजीरभाईंनी पाळी बदलून घेतलीय. त्यांचा मेसेज: "ताई, तुमी फक्त लपवा. शोधायचं आमच्याकडं लागलं."
नाही केली रद्द. ह्यांना मस्कतला फोन लावला, निदान नवऱ्याला तरी सांगावं म्हणून. "आई बरी हाय न्हवं? मग झालं. कामावर हाय मी." ठेवला.

१८ फेब्रु.
दळणाचा डबा काखेत, टाकीच्या खांबामागं डबी सरकवली. औषधाची जुनी, वर काळी चिकटपट्टी. ग्रुपवर लिहिलं, मला उशीर होईल, तुम्ही सुरू करा. मिरवणुकीचं लिहिलं तर मी कुठं असणार ते विचारतील. म्हणून तेवढं गाळलं.

१९ फेब्रु., दुपार

पावणेअकराला टाकीपाशी आलो. दोन्ही बाजूंना दोर धरलेले, आत बायका. मी सगळ्यात पुढं, झेंडा दोन्ही हातांत. ग्रुपवरची माणसं लवकरच आलेली. नजीरभाई खांबामागं वाकून हात घालत होते.
"ओ पावणं, काय ठेवताय तिथं?" कुणीतरी ओरडलं. बघता बघता माणसं गोळा. डबी हिसकावली. काळी पट्टी बघून कुणी उघडंना. "नाव काय तुमचं?" त्यांनी नाव सांगितलं. मग आवाजच बदलला. तुमचं-चं तुझं झालं.
"खेळ हाय ओ, खेळ. उघडून बघा, कागद हाय आत."
भाऊजी दोर ओलांडून गेले. मला वाटलं सोडवायला. त्यांनी कानाखाली वाजवली. चष्मा गटारीत.
मी दहा पावलांवर. आणि विचार काय, तर झेंडा कुणाच्या हातात देऊ. खरंच एवढाच. दोन मिनिटं गेली असतील. जास्तच. सांगलीच्या दोघी मागनं ओरडून सांगत होत्या, हलगीत कोण ऐकतंय. मग शेजारच्या काकूंच्या हातात काठी कोंबली नि दोराखालनं गेले.
"ती डबी माझी हाय. मी ठेवलीय."
"वहिनी, तुमी घरला जावा."
"द्या इकडं."
मीच उघडली. घडी केलेला कागद, वर माझ्या अक्षरात 'स्वागत'. कुणीतरी हसलं. माणसं पांगली. हलगी परत सुरू.
नजीरभाईंनी माझ्या फेट्याकडं बघितलं. मग भाऊजींच्या बिल्ल्याकडं. "तुमी ह्यांच्यातल्या व्हय," एवढंच म्हणाले.

२० फेब्रु.
माझा फोन भाऊजींनी काढून घेतला. "थोडं दिस ऱ्हाऊ दे." दळणाला सा.बाई सोबत आल्या. गिरणीत शेजारी बसून राहिल्या.
ह्यांचा फोन सा.बाईंच्या मोबाइलवर आला. "दोन वर्षं परक्या माणसांशी बोलतीस आणि मला म्हाईत न्हाय?" सांगायलाच फोन केलता, हे बोलले नाही. काय उपयोग.

२३ फेब्रु.
सांगलीच्या दोघींतली मेघा आली. कॉलेजची मैत्रीण म्हणून सांगितलं घरात. सा.बाई चहाला आत गेल्या तेवढ्यात बोलली. नजीरभाईंनी आपल्या सगळ्या डब्या काढून नेल्या. ग्रुप सोडला. त्यांना एका कानानं कमी ऐकू येतंय. ते तक्रार करणार नव्हते, मुलीनं केली.
"मारलं कुणी ते आम्हाला दिसलं नाही गं. तू समोर होतीस."
समोर होते.

२५ फेब्रु.
भाऊजींनी स्वतः चहा आणून दिला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "गर्दीत धक्का लागून पडलं ते पावणं. असंच झालं न्हवं, वहिनी?" कप बशीवर वाजत होता. घाबरलेत. गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्यात चार दिवस भाऊजीच बसून होते, बाकड्यावर. तो माणूस आणि हा माणूस एकच. मला कीव आली त्यांची. लिहायला लाज वाटते, पण आली.
सा.बाई सरळ बोलल्या. "तू बोललीस की त्यो आत जाईल. मग तू कुठं ऱ्हाशील?"
राधानगरीला दादा-वहिनी, दोन खोल्या. सा.बाईंनाही हे ठाऊक आहे.

२७ फेब्रु.
चौकीतनं निरोप. उद्या बारा वाजता बाई हवालदार घरी येणार, जबाब घ्यायला. बायकांचा जबाब घरीच घेतात म्हणे, सोयीसाठी. म्हणजे पुढच्या खोलीत. सा.बाई पडद्याआड, भाऊजी दारात.
न्हाणीत जाऊन दोन्ही वाक्यं म्हणून बघितली. 'धक्का लागला' सहज आलं. 'भाऊजींनी मारलं' अर्ध्यावरच तुटलं. नळ सोडला, तेच परत म्हटलं. परत. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं.
दारावर सा.बाईंची थाप. "कुणाशी बोलतीस गं?"
नळ बंद केला. "कुणाशी न्हाय," म्हणाले. बाहेर त्या तशाच उभ्या होत्या.