विलायती शंखाचं तीर्थ

मॅन बेट, ४ एप्रिल १९८६

चि. विमलला दादाचे अनेक आशीर्वाद.

इंग्लंडाशेजारच्या या गारठलेल्या बेटावर मी खुशाल. ओहोटीला गमबूट घालून खडक धुंडाळतो, त्यालाच आमची प्रयोगशाळा अभ्यास म्हणते. काल कपारीत मुठीएवढ्या शंखगोगलगाई सापडल्या, आणि पलीकडून दोन सील नाकं वर काढून माझी फजिती बघायलेले.

समुद्रातले किडे चिवडायला चाललो म्हणून अण्णा रुसले, ते दोन वर्षांत एक ओळ नाही. त्यांच्या पूजेतल्या शंखाची कड उडाली ना? कालच्यातलाच एक शंख उकळून, साफ करून पाठवतोय. निदान पोचल्याचं तरी लिहायला लाव गं.

दादावरची माया पातळ करू नकोस.

मार्तंड

वालूर, २२ मे १९८६

मार्तंडास नाइलाजाने आशीर्वाद.

शंख देखणा, म्हणून अक्षय तृतीयेला देवापुढं मांडला. रोज पाणी भरायचं, पूजा झाली की सगळ्यांच्या डोक्यावर शिंपडायचं. तिसऱ्या दिवशी देवघरात घाण सुटली. उंदीर मेला म्हणून विमलनं कोनाडे उकरले. मी मूर्ख धूप जाळून आणखी पाणी शिंपडायलो! शेजारची कमलबाई तर नातवाच्या तापाला म्हणून वाटीभर घेऊन गेली.

आठव्या दिवशी शंख उपडा केला, तर काळा बुळबुळीत लोळा बदकन ताम्हनात पडला. शी, शी, शी! भडभडून ओकलो. चार अंघोळी झाल्या, अजून मिशीला वास येतोय.

काय होतं ते? ते जनावर काय खायचं? देवाच्या अंगावर आठ दिवस काय घातलं मी? ताबडतोब कळव.

लोभाचं तुझं तू बघ.

अण्णा

मॅन बेट, ४ जून १९८६

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

पाय धरतो. गोगलगाय ओढून काढताना तिचं शेपूट आतल्या वेढ्यात तुटून राहिलं, मला कळलंच नाही. खोटं कशाला बोलू, ती मेलेले मासे खाते. आणि अण्णा, आपला जुना शंखही अशाच एका गोगलगायीनं अंगाभोवती घडवलेला.

नवा फेकून द्या. पण पाकिटावर तुमचं अक्षर दिसलं आणि मी तिथंच खडकावर बसलो. शिव्या द्या, पण लिहीत जा.

मार्तंड

वालूर, २० जून १९८६

चि. मार्तंडास अनेक आशीर्वाद.

मेलेले मासे! ताटावरून उठलो. कमलबाईचा नातू बरा झाला. ती आणखी तीर्थ मागायलीय, तिला काय डोंबल सांगू?

आज जुन्या शंखात पाणी भरताना हात थबकला. पन्नास वर्षं हाताळला, यात कोण राहत होतं ते मनातसुद्धा आलं नाही. किळस आली, लय आली. तरी भरलं, आणि आधी माझ्याच डोक्यावर शिंपडलं.

तुझा शंख फेकला नाही. राखेनं घासून ओसरीवर उन्हात ठेवलाय. लोभही तसाच.

अण्णा

ता. क. शंखातल्या त्या जिवाला डोळे असतात का, ते पुढच्या पत्रात लिही.