मुका पंप

२ जून
पोचले एकदाची! अजलूनच्या डोंगरातून निघताना अंगावर शाल होती. समुद्रकाठी अकबाला बसमधून उतरले आणि वाटलं, कुणी भट्टीचं दार उघडलं. तरी मी खूश आहे. समुद्री जीवांचा अभ्यास करून दोन वर्षं चुलतभावाच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकल्यावर कुणी मासे सांभाळायला बोलावतं, म्हणजे देव पावलाच म्हणायचा.

घर जुन्या वस्तीत आहे. मालकीणबाई उम्म रद्वान. मी पहिल्याच तासात त्यांना मावशी म्हणायला लागले. त्यांनी दारातच मिठी मारली आणि ओरडल्या, अगं बाई तहानी, हाडं टोचली मला तुझी, अजलूनला जेवायला घालत नाहीत का! मग समोर मकलूबाचं, मटण-भाताचं पातेलंच उलटं केलं. दोनदा वाढून घेतलं तरी त्यांचं समाधान होईना.

त्यांचे यजमान मिस्बाह पाणबुडे होते. मार्चमध्ये एका पोवळ्यांच्या सुळक्यापाशी खाली गेले ते वर आलेच नाहीत. देह मिळाला नाही. मावशींची इद्दत, म्हणजे विधवेचे चार महिने दहा दिवस, चालू आहे, ती संपेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. घरात परका पुरुष चालत नाही, म्हणून मासे बघायला मुलगीच हवी होती. बैठकीची एक अख्खी भिंत म्हणजे मिस्बाहची काचेची टाकी. विदूषक मासे, पिवळे पाकोळी मासे, चिमुकल्या निळ्या माशांचा एक थवा. मी तासभर नुसती बघत बसले.

६ जून
आज पहिल्यांदा पाणी बदललं. काम सोपं आहे, पण चोख हवं. नळीने टाकीतलं थोडं जुनं पाणी आपोआप पिंपात उतरवायचं. मग ताज्या समुद्राच्या पाण्याचं पिंप घ्यायचं, खारटपणा आणि ऊब जुळवायची आणि पंपाने ते वर टाकीत चढवायचं. बाकी वेळ तोच पंप टाकीतलं पाणी फिरवत राहतो. काचेवर मी लाल पट्टी चिकटवली. पाणी नेहमी तिथेच राहिलं पाहिजे. मावशींनी विचारलं, कमी पडलं तर? मी मास्तरीण होऊन सांगितलं, जितकं काढायचं तितकंच घालायचं, नाहीतर सगळं बिघडतं आणि मासे मरतात. त्यांनी ते दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. बरं वाटलं. माझं एवढं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

पाणी औदा आणतो. मिस्बाहचा बोटीवरचा जोडीदार. मावशींचा हुकूम आहे, पाणी त्याच सुळक्यापाशी भरायचं. नवरा गेला तिथलं पाणी तरी घरात असावं, एवढीच बिचारीची हौस. हे ऐकून मला रडू आलं.

पण पंप! औदानेच एप्रिलमध्ये दारात आणून दिलेला. चालू केला की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखी सगळी फरशी घुमते. मावशी कानांवर उशी धरून बसतात. म्हणाल्या, पोरी, एवढं एक कर. मला बिनआवाजाचा पंप शोधून दे. या धडधडाटात घराला काही ऐकूच येत नाही.

९ जून
झुहैरच्या माशांच्या दुकानात दुपार गेली. तो बोलघेवडा आहे. मी एकेक पंप बादलीत सोडून कान लावत होते तर म्हणाला, पोरी, लोक सून पाहताना एवढी पारख करत नाहीत. शिवाय म्हणे, जगात आवाज न करणारे दोघंच, मेलेला माणूस आणि दुकानात पैसे द्यायची वेळ आलेलं गिऱ्हाईक.

मला हवं ते मी त्याला समजावलं. पिंपाबाहेर बसणारा पंप नको, तो हवेत घुमतो. पाण्यात बुडणारा हवा, पाणीच त्याचा आवाज गिळतं. पण नुसतं तेवढं पुरत नाही. तळाला टेकला की पिंप ढोलासारखं वाजतं, म्हणून खाली स्पंजची गादी. कडक नळी थरथरते, म्हणून मऊ रबरी नळी. आणि तोंड नेहमी पाण्याखाली, कारण हवा ओढली की तो घोरायला लागतो. एक बुडणारा घेऊन आले.

१३ जून
नापास. मला आवडला होता. मावशी काचेला कान लावून बसल्या आणि मान हलवली. अजून एक बारीक गुणगुण आहे म्हणे. एवढे तिखट कान मी पाहिले नाहीत.

आज मासे-भात. मी दुसरं ताट संपवल्यावर त्यांनी माझ्या दंडाला वीत घालून पाहिली. मिस्बाहही लग्नाआधी असाच काटकुळा होता म्हणाल्या. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्यानंतर माझ्या दंडाची काळजी कुणी केली नव्हती.

२० जून
जिंकले! झुहैरने अम्मानहून मागवला. याचा वेग कमी करता येतो. पाणी प्यायच्या भांड्याएवढा, पण पाणी वर चढवायला दमदार. स्पंजवर बसवला, रबरी नळी जोडली, वेग अगदी मंद ठेवला. पाणी चढायला वेळ लागतो, लागू दे. चालू आहे की नाही हे पिंपाला हात लावून बघावं लागतं. मावशींनी माझं कपाळ चुंबलं. आता बघ, घर कसं श्वास घेतं ते, म्हणाल्या.

खरंच शांत झालं. दुपारी अकबा झोपतं, रस्त्यावर मांजरही नसतं. एसी मावशींना सोसत नाही. आपली गिळलेली थुंकीही ऐकू यावी अशी शांतता.

२१ जून
दुपारी टाकीपाशी आवाज येतो. आधी लांब ओढ, मग बुडबुड. थांबतो. पुन्हा ओढ. नळीत हवा अडकली असणार. सगळे सांधे तपासले, घट्ट आहेत. पंप बंद केला.

ओढ. बुडबुड.

पाणबुड्या नळकांड्यातून श्वास घेतो तेव्हा असाच आवाज होतो. मला माहीत आहे, मीही शिकले आहे. पण हे मी मनातून काढून टाकलं.

२७ जून
पाणी बदललं. जितकं काढलं तितकंच घातलं, पिंपावरच्या खुणा स्वतः पाहिल्या. तरी पाणी लाल पट्टीच्या एक बोट वर आलं.

माझी चूक असेल असं धरून वरचं पाणी काढून टाकलं. पट्टीबरोबर केलं.

४ जुलै
पुन्हा एक बोट वर. पुन्हा काढलं. बादलीत दगड टाकला की पाणी चढतं, हे लहान पोरालाही कळतं. टाकीत काहीतरी जागा घेतंय, आणि मला ते दिसत नाही.

मासे दिसतात. सगळे दोन्ही कडांना चिकटलेत. मधोमध एक लांबट जागा मोकळी आहे, तिथून कुणी जात नाही. निळा थवा तिथवर येतो, फाटतो आणि पलीकडे जुळतो.

मावशींना दाखवलं. त्या हसल्या. घाबरतेस काय वेडे, म्हणाल्या, मासे पाहुण्याला जागा देतात. मग मला न्हाणीतल्या वजनकाट्यावर उभं केलं आणि खूश होऊन म्हणाल्या, चांगली भरलीस हो.

११ जुलै
पुन्हा एक बोट. काढलं.

औदा पाणी देऊन निघाला होता. त्याला गाठून नवा पंप दाखवला, वाटलं कौतुक करेल. त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, अगं, तो गिरणीवाला पंप मी मुद्दाम आणून दिला होता. त्या सुळक्यापाशी आम्ही इंजिन कधी बंद करत नाही. आवाज असला की सगळं ठीक असतं. बंद केलं की खालून कुणीतरी दोर ओढतं. मी म्हटलं, मग तिथलंच पाणी का आणतोस? तर डोळे पुसत म्हणाला, वहिनीला नाही कसं म्हणू, मिस्बाहचा दोर माझ्या हातात होता. तू आजच घरी जा पोरी.

बॅग भरली.

१२ जुलै
गेले नाही. दुपारी मावशींना पाहिलं. काचेला ओठ लावून बोलत होत्या. तुझी जागा रिकामी नाही राहणार, इद्दत संपली की लगेच.

त्या स्वतः टाकीत उतरणार आहेत. मला कळलं. मी गेले तर त्यांना अडवणारं कुणी नाही. माझ्यावर आईसारखी माया केली त्यांनी. तो दिवस उलटेपर्यंत मी राहणार, आणि गिरणीवाला पुन्हा लावणार. धडधडू दे.

१५ जुलै
जुना पंप माळ्यावर सापडला. वायर मुळाशी कापलेली. मावशी म्हणाल्या, उंदरांनी कुरतडली असेल. कापलेलं टोक सरळ आहे. सुरीने केल्यासारखं.

१८ जुलै
मी पाणी बदललं नाही. मावशींनी स्वतः बदललं. मी शिकवल्याप्रमाणे. बिनचूक. स्पंज, नळी, मंद वेग. जास्तीचं पाणीही काढलं.

श्वास आता बैठकीच्या दारातून ऐकू येतो. एसी लावला तर मावशी बंद करतात. मी मोठ्याने गाते. गाणं थांबलं की —

२२ जुलै
उद्या इद्दत संपते. आज मावशींशेजारी सावलीसारखी आहे. त्यांना डोळ्यांआड होऊ द्यायचं नाही. त्या मात्र निवांत आहेत. तीन ताटांचा मासे-भात मांडून ठेवलाय. तिसरं कुणाचं, विचारलं. म्हणाल्या, तू जेव आधी.

२३ जुलै, दुपार
झोप कशी लागली मला — जेवले आणि —

बैठकीत गेले. मासे सगळीकडे पोहतायत. मध्येसुद्धा. मोकळी जागा नाही. श्वास नाही. किती बरं वाटलं. मावशी जिवंत आहेत, स्वयंपाकघरात हसतायत.

मग फरशी पाहिली. ओली. टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत पावलं. मोठी.

पाणी पट्टीच्या खाली आहे. तीन-चार बोटं खाली. मीच काढत आले होते ना, एकेक बोट, दर वेळी —

खोलीत कडी लावून लिहितेय. फोन स्वयंपाकघरात राहिला. बाहेरचं दार बंद आहे, किल्ली मावशींच्या कमरेला.

स्वयंपाकघरात आता दोघं जेवतायत. भांड्यांचा आवाज. मध्येच लांब ओढ, आणि —

त्या स्वतः उतरणार नव्हत्या. कधीच नव्हत्या. माझा दंड. वजनकाटा. त्याच्या वजनाइतकी मी.

दाराशी आल्या. गोड आवाजात हाका मारतायत. तहानी, बाहेर ये गं पोरी, पाणी पट्टीखाली गेलंय, मासे मरतील. तूच नाही का शिकवलंस, जितकं काढायचं तितकंच —

फटीतून कुणाची तरी ओली बोटं आत आली, कडी —