कायतानाचं ताट

मालवण, बुधवार, ५ नोव्हेंबर १९५८

सावंतवाडीची मोटार धुळीत न्हाऊन एकदाची पोचली आणि मी, इनास फर्नांडिस, इथल्या शाळेचा गायनमास्तर झालो. हंगामी. आईला लिहिलेल्या पत्रात हा शब्द मात्र मुद्दाम गाळला.

फेलिसिदादबाईंकडे खोली मिळाली. घर माडांत, समुद्राला लागून. बाई पन्नाशीच्या, नखशिखांत काळ्या कपड्यांत. दुसरे बिऱ्हाडकरू एकच, दवाखान्यातले कंपाउंडर दाजी. हॉल सगळ्यांचा, आणि हॉलमध्ये चक्क पियानो! त्याला कुलूप आहे, किल्ली बाईंच्या कमरेला. मागितली की देतील. जेवायला बांगड्याचं तिखलं होतं. मजा आहे एका माणसाची.

शनिवार, ८ नोव्हेंबर

हेडमास्तर तीस तारखेला, रविवारी, माझा पियानो ऐकायला इथेच येणार आहेत. नाताळच्या कार्यक्रमात मुलांना साथ करता आली तर नोकरी कायम. मग आईला मेव्हण्यांच्या ओसरीवरून उचलून इकडे आणीन. पियानो येतो असं मी छातीठोक सांगून बसलोय, आणि बोटांना दोन वर्षांत पट्टी लागलेली नाही.

बाईंकडे किल्ली मागितली. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि ताटात आणखी एक बांगडा वाढला.

दाजींकडून कळलं. पियानो बाईंच्या धाकट्या भावाचा, कायतानाचा. बोटीवरच्या बँडात वाजवायचा. नऊ वर्षांपूर्वी रेडीच्या बाजूला पडाव बुडाला, प्रेत मिळालं नाही. घरात माणूस गेलं की वर्षभर वाद्य बंद, आणि वर्ष सरल्यावर चर्चमध्ये गेलेल्याच्या नावाने प्रार्थनेचा विधी, सालाचा मीस, झाला की उघडायचं, ही इथली रीत. बाईंनी मीसच सांगितला नाही. सांगितला तर भाऊ मेला हे कबूल करावं लागेल ना. म्हणून नऊ वर्षं एकच साल चाललंय.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मीच पाद्रींना भेटून रविवारचा मीस सांगून आलो, कायतानाच्या नावाने. बाईंना न विचारता. आगाऊपणा झाला खरा, पण सतराच दिवस उरलेत. बाई रागावल्या नाहीत. माझे खांदे नजरेने मापल्यासारख्या बघत राहिल्या.

रविवार, १६ नोव्हेंबर

किल्ली मिळाली!

मीसनंतर घरी जेवण होतं. गेलेल्याच्या नावाने एका गरिबाला त्याच्या जागेवर बसवतात, गेलेल्याचे कपडे त्याला घालतात आणि पहिलं ताट त्यालाच वाढतात. बाईंनी कुणालाच बोलावलं नव्हतं. म्हणाल्या, "मास्तर, तुमीच बसा." ताटाशेजारी किल्ली ठेवली होती. मी बसलो. कायतानाचा कोट अंगाला बेतून शिवल्यासारखा बसला. पहिला घास घेताना बाई हळूच म्हणाल्या, "जेव रे." मास्तर नाही, नुसतं जेव रे. जरा चमत्कारिक वाटलं.

दुपारभर वाजवलं. सूर थोडे उतरलेत, पण वाजतो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बोटं पळतात. इतकी माझी कधीच पळाली नव्हती. आज भजनाऐवजी नाचाची एक चाल आपोआप वाजली. मी ती कधी शिकलेलो नाही. बाई स्वयंपाकघरातून तीच गुणगुणत होत्या.

डावी करंगळी आखडलीय. दाजींनी तेल चोळायला दिलं आणि ती करंगळी पुन्हा पुन्हा निरखली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, दोरखंडात सापडून कायतानाचीही हीच करंगळी आखडली होती.

शनिवार, २२ नोव्हेंबर

दाजींना सगळं सांगितलं. जेवणाचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. त्या ताटावर जेवलेल्या माणसाने दिवस मावळायच्या आत ते घर सोडायचं असतं, म्हणाले. परत त्या छपराखाली यायचं नसतं.

मी तर इथेच राहतो. सहा रात्री झाल्या. बाईंना हे ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. म्हणूनच कुणाला बोलावलं नाही.

मी घाबरलोय. लिहायला लाज कसली.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सामान बांधून फाटकापर्यंत गेलो. पुढे पाय उचलेना. परत आलो तर बाई दारातच, निळ्या लुगड्यात. किल्ली त्यांच्यापुढे धरली. घेतली नाही. म्हणाल्या, "तुझीच ती. साल संपला."

आईला पत्र लिहिलं, रविवारी ये आणि मला घेऊन जा. सही करायला पेन टेकवला आणि नाव आठवेना. याच वहीचं पहिलं पान उघडून बघितलं. इनास. इनास फर्नांडिस.

दाजींनी पत्र टपालात टाकलं. ते खोली सोडून गेले.

गुरुवार, २७

कोट खुंटीवर ओला. रोज ओला. तोंडात खारट चव—

आईचा चेहरा— नाकात चमकी? कपाळावर व्रण होता, की तो बाईंच्या—

शनिवार

इनास फर्नांडिस. सावंतवाडी. आईचं नाव फ्रान्सिस्का. रोज लिहायचं. इनास फर—

बाय हाक मारता— मारतात—

आयतवार

पियानो बरो वाजलो. हेडमास्तर खूश होवन गेलो. नोकरी कायम म्हणालो.

दारात एक म्हातारी आसा. सावंतवाडीसून आयली. इनास, इनास म्हणान माझो हात धरता. माका ती म्हायत नाय. बाय म्हणता, तिका सांग, इनास हंय रवणा नाय. सांगलंय. ती जायना. रडता. तिच्या कपाळार व्रण आसा—

व्रण. चुलीवर पडली होती, मी लहान असताना—

आई, थांब, जाऊ नको, मी इना—