‘सुम्निरु’ नावाचं गाणं

अव्वा, आमच्या बँडचा पहिला अल्बम आला आणि त्यातल्या एका गाण्यात आई म्हणून तू आहेस. तुला विचारायचं राहिलं असं म्हणावं, तर तू जाऊन वीस वर्षं होऊन गेली. पण असतीस तरी मी विचारलं नसतं, असं हल्ली वाटतं. बँड म्हणजे तीन तरुण पोरं आणि त्यांच्यात मी, विम्याच्या ऑफिसातून सुटून तशीच साडीवर जाणारी पंचेचाळिशीची बाई. बंद पडलेल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात आम्ही सराव करतो. आमचं गाणं तुला आवडलं नसतं. आधी पुटपुटल्यासारखं, मग गिटारी एकदम अंगावर येतात आणि मी घसा फोडून ओरडते.

मी नववीत आहे. तू स्टोव्हपुढं बसून भाकरी थापतेयस. अप्पा दुकानातून कशावरून तरी चिडून आलेत. ताट भिंतीवर आपटतं, मग तुझ्या पाठीत बुक्की बसते. मी ओरडायला तोंड उघडते, तर तू त्यांच्याकडं न बघता आधी माझ्याकडं येतेस आणि पिठाचा हात माझ्या तोंडावर दाबून धरतेस. ‘‘सुम्निरु,’’ तू म्हणालीस. गप राहा. लाड करताना नाहीतर घाबरल्यावरच तू माझ्याशी कानडीत बोलायचीस. ‘‘भिंतीपलीकडं माणसं हायत.’’ मग ताट उचललंस, दुसरी भाकरी थापलीस आणि अप्पांना वाढलंस. त्या दिवशी मला त्यांच्यापेक्षा तुझाच राग जास्त आला. हे सगळं त्या गाण्यात आहे, ताट, पीठ, बुक्की. आणि धृपदाला तुझा तो एकच शब्द.

अल्बम आला त्या दिवशी इथल्या एका छोट्या हॉलमध्ये आम्ही कार्यक्रम केला. कॉलेजची पोरं खूप आली होती. हे गाणं निम्म्यावर आल्यावर सगळी उभी राहिली आणि ‘सुम्निरु, सुम्निरु’ म्हणून माझ्याबरोबर किंचाळायला लागली. तू दाबलेल्या आवाजात म्हणालेलं दोनशे पोरं छप्पर उडेल असं ओरडत होती, आणि मला बरं वाटत होतं. कुंभारीहून मावशी आली होती, पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी धरून. परतताना रिक्षात ती म्हणाली, ‘‘अक्कानं मला बी कदी सांगितलं न्हवतं गं. तू गावाला सांगितलंस.’’ रागावली नव्हती. रागावली असती तर मी भांडले असते.

अप्पा आता माझ्याकडंच असतात. दुकान कधीच बंद झालं, गुडघे गेलेत. त्यांनी गाणी ऐकव म्हटल्यावर मी ते एक सोडून बाकीची लावली. सगळी ऐकून झाल्यावर ते म्हणाले, ‘‘ते सुम्निरुचं लाव की. खालची पोरं म्हणत असतात.’’ मी लावलं. खोटं कशाला सांगू, त्यांना लागावं म्हणूनच लावलं. भिंतीकडं तोंड करून त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मी वाट बघत होते, की ओरडतील, नाहीतर हे कुणाबद्दल आहे असं विचारतील. ते एवढंच म्हणाले, ‘‘तवा बी ऐकू यायचं मला, ती तुला गप करायची ते.’’ आणि भिंतीला धरून आत गेले. तेव्हापासून ते मी ऑफिसातून यायच्या आत जेवून घेतात. त्यांना लाज वाटावी अशी माझी फार वर्षांची इच्छा होती. आता ती वाटतेय, तर म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत दिवा लावायला जायचं मला धाडस होत नाही.

पोरं विचारतात, पुढच्या कार्यक्रमात ते गाणं ठेवायचं का. मी ठेवा म्हणाले. मावशीला मी सांगितलं, की आईसाठी गाते. तसं नाही, अव्वा. गाताना मला तुझा चेहरा आठवतसुद्धा नाही. वरचा सूर लागेल का, एवढंच डोक्यात असतं.