सूनबाईला इंग्रजी पत्र

४ जून

पुन्हा नापास! वीसपैकी सहा. क्लासच्या बाईंनी (माझ्या मुलाहूनही लहान असतील) माझ्या वहीतले सगळे 'व्हेरी' लाल शाईने खोडले. म्हणाल्या, "काका, सगळीकडे व्हेरी चालत नाही. जोड्या ठरलेल्या असतात. सॉरी म्हटलं की डीपली, रिग्रेट म्हटलं की बिटरली. उगाच कुणाचंही लग्न कुणाशीही लावू नका!" वर्ग हसला. मीही हसलो — करतो काय!

चौतीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली. नट-बोल्टचे आटे जुळले नाहीत तर कितीही पिळा, बसत नाही — हे मला कुणी शिकवायला नको. पण लोखंड हाताला कळतं. हे शब्द कळत नाहीत. बासष्टाव्या वर्षी डोक्यात काही शिरतही नाही.

७ जून

मुलगा तिकडे परदेशात वारला तेव्हा ताई चार दिवसांसाठी आली, ती इथेच राहिली. आज म्हणते, "अरे, मोबाईलमध्ये मराठी टाकलं की इंग्रजी निघतं म्हणे. कशाला डोकं शिणवतोस?" नाही. दुसऱ्याने लिहिलेल्यावर एकदा डोळे झाकून सही केली होती. तेवढी बस झाली.

सूनबाई तिकडची. तिला मराठी नाही, मला इंग्रजी नाही. फोन लावला की दोन्हीकडून हॅलो-हॅलो, मग ती रडते, मग मी. त्याला जाऊन चौदा महिने झाले. नात चार वर्षांची, ती फक्त फोटोत पाहिली. तिच्या आईला एवढंच लिहायचंय — माझं चुकलं, पोरीला एकदा भेटू दे. माझ्या हाताने लिहायचंय. व्हेरी सॉरी नको. व्हेरी सॉरी तर बसमध्ये धक्का लागला तरी म्हणतात.

११ जून

आठ. आनंद आहे!

१५ जून

ट्रंकेतून सूनबाईला धाडलेल्या त्या पत्राची कॉपी काढली. सहा वर्षांपूर्वी पोराने परस्पर लग्न केल्याचं कळलं, तेव्हाची. तरातरा कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाकडे गेलो होतो. "तिला लिहा. तिला कळेल असं लिहा. जरा कडक लिहा." त्याने खडाखडा बडवलं, मी सही ठोकली. काय लिहिलंय, विचारलंसुद्धा नाही! त्याचा हात नोटिसांवर बसलेला.

आज डिक्शनरी घेऊन एकेक शब्द लावला. अकराला बसलो, चारला उठलो. अटरली शेमलेस — म्हणजे कणभरही लाज नसलेली. बिटरली रिग्रेट — मुलाला शिकवल्याचा मला कडवट पश्चात्ताप होतो. टोटली अनॅक्सेप्टेबल — तिला होतील ती मुलंही मला साफ अमान्य.

सगळ्या जोड्या बरोबर. बाईंनी वीसपैकी वीस दिले असते.

पोरगा यावर चकार शब्द बोलला नाही. दर रविवारी फोन — "बाबा, जेवलात का?" शेवटच्या रविवारीही तेच. आणि मला वाटायचं, चला, राग निवळला वाटतं याचा! याचा राग! काय माणूस आहे मी. ज्या मुलीला हे लिहिलं तिनेच त्याला शेवटपर्यंत सांभाळलं.

१६ जून

जेवलो नाही. ताटावर बसलो आणि उठलो.

२२ जून

ताईला सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, "अरे, मग लिही ना तसं! टायपिस्टाने लिहिलं, मला मेल्याला काय ठाऊक! खरंच आहे की."

खरं आहे. पण सही कुणाची? कडक लिहा कोण म्हणालं? पोर गेलं, आता त्याच्या बायकोपुढे टायपिस्टाच्या आड लपू? नाही जमणार. जे झालं ते मी केलं, असंच लिहीन. आता जोड्या पाठ झाल्याच पाहिजेत. ते पत्र एवढ्या जोरात लिहिलंय, माफी मिळमिळीत कशी मागू?

१८ जुलै

चौदा. बाई म्हणाल्या, "काका, कुणाच्या मागे लागलाय एवढे?" काय सांगणार!

९ ऑगस्ट

झालं. सातवा खर्डा. "तुला मी जे लिहिलं त्याबद्दल मी डीपली सॉरी आहे" इथून सुरुवात. बाईंनी लाल पेन हातात धरून दोनदा वाचलं, मग पेनचं टोपण लावलं. "एकही चूक नाही, काका."

माझ्या अक्षरात उतरवलं. रजिस्टर केलं. पोस्टातून घरी चालत आलो — किती दिवसांनी हलकं वाटलं! ताईला म्हणालो, चहा कर, जरा गोड कर.

३० ऑगस्ट

काही नाही.

११ सप्टेंबर

पोस्टमन समोरच्या दारात थांबला, वर बघितलं, पुढे गेला. जीव नुसता टांगणीला लागलाय. ताई म्हणते, "नाही आलं तर नाही. तू तुझं केलंस." माझं करून काय उपयोग? पोरगी मोठी होत चालली.

१९ सप्टेंबर

सूनबाईचं उत्तर आलं. सहा ओळी. डिक्शनरी लागली नाही.

"तो मला नेहमी सांगायचा, बाबांना इंग्रजी येत नाही. ते पत्र भलत्याच कुणीतरी लिहिलंय, ते बाबांचे शब्द नाहीत, मनाला लावून घेऊ नकोस. सहा वर्षं मी ते खरं मानलं. मुलीलाही तुमच्याबद्दल चांगलंच सांगत आले.

आता तुमचं पत्र वाचलं. तुमचं इंग्रजी फार चांगलं आहे."