ओठ हलवायचे नाहीत

३ फेब्रुवारी, सोमवार

घ्या! हेल्पडेस्क बंद करणार म्हणे. एप्रिलपासून लोकांच्या तक्रारी मशीन ऐकणार. बारा वर्षं कानाला हेडफोन लावून "सर, वायर एकदा काढून परत लावून बघा" सांगत आले. आता ते मशीन सांगेल. त्याला पगार नको, चहा नको, रजा नको.

साहेबांनी सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. ज्यांच्याकडे नेटवर्किंगचं पहिलं सर्टिफिकेट असेल त्यांना वरच्या मजल्यावर घेणार. मुदत एकतीस मार्च. "परीक्षेची फी कंपनी भरेल. नापास झालात तर दुसऱ्यांदाही भरेल." मग हसून, "तिसऱ्यांदा नाही हं!" हसतोय कशाला मेला?

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "तुला जमेल का गं आता?" आता म्हणजे काय? चव्वेचाळीस म्हणजे मी काय काठी टेकत चालते? जेवायला वाढलं. आमटी मुद्दाम कमी वाढली.

९ फेब्रुवारी, रविवार

पुस्तक आणलंय. उशाला घेतलं तर मान मोडेल एवढं जाड.

ज्याचा म्हणून व्हिडिओ लावावा तो सुरुवातीलाच म्हणतो, "समजा, राउटर म्हणजे पोस्टमन." सगळ्यांना हा एकच पोस्टमन सापडलाय! आज चौथ्यांदा तो पत्र घेऊन निघाला आणि हॉलमधून सासरेबुवांचा आवाज, "पोस्टमन आलेला आहे का?"

हे आणखी एक. सासरेबुवा नोकरीभर बसस्टँडवर माईकवरून गाड्या पुकारायचे. रिटायर झाले, माईक गेला, आवाज घरी आला. सगळं पुकारतात. "सूनबाई अंघोळीला गेलेल्या आहेत! ज्यांना मोरीत जायचं आहे त्यांनी दहा मिनिटं थांबावं!" नवरा अजून हसतो. मला वीस वर्षं ऐकून हसू येत नाही. एक पान सलग वाचून होत नाही या घरात.

१४ फेब्रुवारी

आज एक गोष्ट डोक्यात शिरली! मोठ्या नेटवर्कचे छोटे तुकडे कसे पाडायचे, कुठल्या तुकड्यात किती कॉम्प्युटर मावतील, हे गणित सगळ्यांना रडवतं. मलाही आठवडाभर रडवलं. मग लक्षात आलं, हा नुसता दुपटीचा पाढा आहे. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन्न. बत्तीसचा तुकडा असेल तर पहिला आणि शेवटचा नंबर वापरता येत नाही, उरले तीस. बास! एवढंच!

भांडी घासताना घोकला, जिन्यावर घोकला, ऑफिसात कुणी फोनवर ओरडत होता तेव्हाही घोकला. आम्हाला शाळेत असंच शिकवलं. पाढा म्हणजे तोंडाने म्हणायचा.

२२ फेब्रुवारी

पाहुणे. अभ्यास शून्य.

२ मार्च, रविवार

नियम वाचले आणि डोकं फिरलं. केंद्रावर जाऊन द्यायची तर मेपर्यंत जागा नाही. म्हणजे घरूनच, कॅमेऱ्यासमोर. पलीकडे कुठला तरी पहारेकरी बसून नव्वद मिनिटं माझं तोंड बघणार. खोलीत दुसरं माणूस नको. बाहेरचा आवाज नको. कागद नको, पेन नको. जागेवरून उठायचं नाही. एक ताकीद मिळेल, दुसऱ्या वेळी परीक्षा रद्द.

ज्याने हे नियम केले त्याच्या घरी किती खोल्या असतील? आमच्याकडे दोन आणि स्वयंपाकघर. भिंत अशी की शेजारी घोरला तर आम्ही कूस बदलतो.

ऑफिसात देईन म्हटलं तर काचेच्या भिंती चालत नाहीत. नणंदेला फोन केला, एक दिवस बाबांना तुझ्याकडे ने. "अगं, घरात रंगकाम काढलंय!" मागच्या वर्षीही रंगकामच होतं. एवढे थर चढलेत की घर आतून लहान झालं असेल.

१० मार्च, सोमवार

आज परीक्षा होती.

पहारेकऱ्याने आधी खोली दाखवायला लावली. लॅपटॉप हातात धरून चार भिंती, छत, पलंगाखालचं. पलंगाखाली नवऱ्याची डंबेल्स, वर बोटभर धूळ. परक्या माणसाला दाखवली! कॅलेंडर काढा म्हणाला, काढलं. आरसा झाका म्हणाला, झाकला.

आणि चांगलं चाललं होतं. येत होतं मला! अकरावा प्रश्न तुकड्यांचा आला, मनात म्हटलं, आता बघा. तर पडद्यावर चौकट उघडली: उमेदवाराचे ओठ हलत आहेत. प्रश्न वाचून दाखवू नका. ही ताकीद समजा.

मी कुणाला वाचून दाखवत होते? पाढा म्हणत होते, तोही मनात! मनातलं ओठांवर येतं त्याला मी काय करू? ओठ गच्च आवळले. आवळले की आकडे येईनात. बत्तीसनंतर सगळं कोरं. तशीच पुढे गेले, बावीस, तेवीस, चोवीस.

आणि मग बाहेरून, भरल्या स्टँडवर पुकारावं तसं, "सूनबाई! गॅसवाला आलेला आहे! सिलिंडर घेऊन आलेला आहे!"

पडदा काळा झाला. परीक्षा रद्द.

बाहेर जाऊन मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. गॅसवाला सिलिंडर दारातच टाकून पळाला.

११ मार्च

सासरेबुवा जेवले नाहीत. नवरा म्हणतो, "म्हातारा माणूस आहे, जरा सांभाळून घे." मी सांभाळून घेऊ! याच्या बढतीच्या परीक्षेला मी महिनाभर चपला हातात घेऊन घरात फिरले. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून डाळ पातेल्यात शिजवली. तेव्हा हेच सासरेबुवा दारावर आलेल्या सगळ्यांना हातानेच गप्प करत होते. मुलाचा पेपर म्हटला की घर देवळासारखं, सुनेचा पेपर म्हटला की बसस्टँड.

हे मी नवऱ्याला तोंडावर सांगितलं. सासरेबुवांनी हॉलमधून सगळं ऐकलं. ऐकू दे.

१३ मार्च

सकाळी सासरेबुवा स्वयंपाकघराच्या दारात उभे. "सूनबाई, एक विचारू? पहिली ताकीद कशाची मिळाली होती?"

तळपायाची आग मस्तकात गेली. कारण उत्तर दोघांनाही माहीत होतं.

"माझा आवाज दुसरा. आधी तुझे ओठ," म्हणाले. "तुझे ओठ मी सांभाळतो. माझं तोंड तू सांभाळ."

मी गॅसवर आधण ठेवलं. त्यांना चहा दिला.

१५ मार्च, शनिवार

शिकवणी सुरू! मी पलंगावर पुस्तक घेऊन, बाबा समोर खुर्चीत, डोळ्यांवर चष्मा, एका हातात चमचा, दुसऱ्यात स्टीलचा पेला. माझे ओठ हलले की टण्ण!

पहिल्या तासात इतकं टण्ण टण्ण झालं की खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. "भांड्याचा पोचा काढताय का काही?" म्हणे.

"हलले!"

"नाही हलले!"

"तीस वर्षं माईकपुढे मी ओठच हलवलेत. मला शिकवू नकोस."

पुस्तक आपटून उठले. मग परत बसले. जाणार कुठे?

१९ मार्च

ओठ बंद ठेवले की पाढा अडतो. बाबांना सांगितलं की एका नंबराचे आठ बिट असतात, म्हणजे आठ घरं, प्रत्येक घराची किंमत आधीच्या दुप्पट. ते बराच वेळ माझ्या पायांकडे बघत बसले. मला वाटलं डुलकी लागली.

"पायाची बोटं किती? दहा. दोन्ही करंगळ्या सोड. आठ उरली. कॅमेऱ्याला पाय दिसतात का?"

नाही दिसत!

दिवसभर पायाची बोटं दाबून मोजते आहे. मधलं बोट एकटं दबत नाही, शेजारच्याला घेऊनच खाली येतं. आमच्या घरातल्यासारखंच, एकाला काही सांगावं तर सगळे येतात. पोटऱ्या दुखताहेत. पण बत्तीस आला, चौसष्ट आला, आणि पेला गप्प!

२१ मार्च

आज टण्ण फक्त एकदा. तेही मी जांभई दिली म्हणून. भांडले.

२४ मार्च, सोमवार

शेजारच्या खुर्चीवरचा टायवाला पास झाला. कुठून तरी फुटलेले प्रश्न मिळवले आणि पर्यायांची अक्षरं पाठ केली. अ, क, ब, ड, क. स्वतःच सांगत होता कँटीनमध्ये, दात काढून! त्याला राउटर हातात दिला तर उलटा धरेल. साहेबांनी पाठ थोपटली.

आणि मग कळलं, वरच्या मजल्यावर जागा दोनच आहेत. एक टायवाल्याला गेली. हे आधी का नाही सांगितलं? आम्ही अकराजण दीड महिना मर मर मरतोय, त्यातल्या एकाला जागा आहे! साहेबांना विचारलं तर म्हणाले, "चुरस असली की लोक चांगला अभ्यास करतात." उत्तर तोंडावर आलं होतं, गिळलं. गिळून गिळून पोट भरलंय माझं.

मला घरी बसायचं नाही. इथे तरी खरं लिहिते. पगार हवाच आहे, पण तेवढंच नाही. बारा वर्षं लोकांनी मला फोनवर झापलं, "कुणी जाणकार असेल त्याला द्या" म्हणाले, आणि मी तो फोन वरच्या मजल्यावर जोडून दिला. दर वेळी. आता तो वरचा फोन मला उचलायचाय. गुरुवारी दुसऱ्यांदा परीक्षा. भीती वाटते आहे आणि भीती वाटते म्हणून राग येतो आहे.

२६ मार्च, बुधवार

उद्या. नवऱ्याला रजा नाही. नणंदेकडे अजून रंगकाम! बाबांना म्हटलं, तुम्ही बागेत जाऊन बसा. तयार नाहीत. "मी गेलो तर दार वाजवणाऱ्याला कोण थांबवणार?" हॉलमध्ये दाराजवळ खुर्ची टाकून बसतो म्हणतात. घंटेची वायर काढली, कुकर उचलून ठेवला, त्यांचा मोबाईल बंद केला.

तरी विश्वास बसेना. संध्याकाळी मी परत त्यांच्यापुढे गेले आणि सुरूच झाले. तोंडातून ब्र काढायचा नाही, खोकला आला तर उशीत खोकायचं, काहीही झालं तरी मला हाक मारायची नाही, या वेळी तुमच्यामुळे गेलं तर जन्मात बोलणार नाही तुमच्याशी! बोलताना माझा आवाज त्यांच्यापेक्षा वर गेला. त्यांनी नुसती मान हलवली. जेवताना एकही गाडी पुकारली नाही. घर विचित्रच वाटलं.

२८ मार्च, शुक्रवार

काल लिहायला झालं नाही. पास झाले.

"बाबा, झाले!" म्हणून दार उघडलं तर खुर्ची रिकामी. बाबा दाराशी जमिनीवर, टॉवेलचं टोक दातांत धरलेलं, सदरा घामाने ओला. कुरियरवाल्याची पावलं जिन्यावर ऐकू आली, त्याने दार वाजवू नये म्हणून घाईने उठले आणि पडले. माझा पेपर तेव्हा नुकताच सुरू झाला होता.

खुबा मोडलाय. डॉक्टर त्यांच्यावर चिडले. "आजोबा, सून पलीकडच्याच खोलीत होती ना? मग एवढा वेळ हाक का नाही मारलीत?"

बाबा म्हणाले, "तिचा पेपर होता."